अमेरिकन कथाकार जॉर्ज सॉन्डर्ससारखं लिहिणं आणि लेखन शिकवणं, दोन्ही जमेल का? त्यासाठी नोकरी सोडावी का? आणि लेखन मुळात शिकवता येतं का?

नोकरी मुळीच सोडू नका. सॉन्डर्स 1981 साली कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधून भूभौतिकी शिकून बाहेर पडला, सुमात्रात तेल शोधणाऱ्यांबरोबर राबला आणि मग अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात कथाकार टोबायस वुल्फ यांच्या हाताखाली लेखन शिकला. त्यानंतरही कितीतरी वर्षं तो रॉचेस्टरच्या एका कंपनीत तांत्रिक अहवाल लिहीत होता. पहिला कथासंग्रह 1996 मध्ये आला. सिरॅक्यूजमध्ये शिकवायला लागला त्यानंतर, आणि बुकर मिळालं 2017 मध्ये.

पण मी लिहायला बसलो ते तुमच्या शेवटच्या प्रश्नामुळे.

आमच्या गावच्या वाचनालयात मी रविवारी कथालेखनाचा वर्ग घेतो. एक नर्सबाई रात्रपाळी करून थेट वर्गाला यायच्या. त्यांच्या कथेचं पहिलं वाक्य होतं, ‘सुमनताई फार कंजूष होत्या.’ मी विचारलं, कशावरून? पुढच्या रविवारी वाक्य आलं, ‘सुमनताई चहाचा चोथा उन्हात वाळवून पुन्हा वापरत.’ वर्गातल्या एकाने विचारलं, सगळ्यांसाठीच? बाई गप्प बसल्या. त्या पुन्हा आल्या तेव्हा पुढे एक वाक्य वाढलेलं होतं, ‘मुलगी माहेरी आली की मात्र नवा पुडा फोडत.’ कथा तिथे सुरू झाली. पहिल्या वाक्यात शेरा होता, आता सुमनताई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

त्या दिवशी एक ज्येष्ठ लेखक पाहुणे म्हणून आले होते. सगळ्यांसमोर म्हणाले, ‘हे सुतारकाम झालं. लेखक जन्मावा लागतो.’ नर्सबाईंनी वही मिटली. मला अजून राग येतो. गाणाऱ्याने गुरूपुढे वर्षानुवर्षं पलटे घोटले की ती साधना, आणि गोष्ट लिहिणाऱ्याने एक वाक्य तीनदा लिहिलं की सुतारकाम?

सॉन्डर्स विद्यार्थ्यांना हेच सांगतो. कपाळावर मीटरसारखा एक हलता काटा आहे असं समजा, एका बाजूला पसंती, दुसऱ्या बाजूला नापसंती. आपलंच लिखाण पहिल्यांदा वाचतोय अशा नजरेने वाचा, आणि काटा जिथे नापसंतीकडे घसरतो तिथे वाक्य बदला. हे पुन्हा पुन्हा करा. त्याने स्वतः मेक्सिकोतल्या एका लग्नावर 700 पानी कादंबरी लिहिली होती. बायकोने थोडी वाचून डोकं धरलं, आणि त्याने ती बाजूला ठेवली. मग ऑफिसात फोनवरची लांबलचक मीटिंग चालू असताना त्याने गमतीच्या कविता खरडल्या. त्या वाचून ती हसली, आणि तिथून त्याला स्वतःचा आवाज सापडला. जन्मजात प्रतिभा एवढी पुरेशी असती, तर ती 700 पानं वाया गेली नसती.

एक मात्र खरं, की आच आतूनच असावी लागते. नर्सबाईंना सुमनताई मी दिल्या नाहीत. मी फक्त ‘कशावरून’ विचारलं. शिक्षकाचं काम तेवढंच, पण ते कुणीतरी करायला हवं.

सिरॅक्यूजला जायचंच असेल तर जरूर अर्ज करा. सॉन्डर्सच सांगतो, तिथल्या कथालेखनाच्या सहा जागांसाठी सहा-सातशे अर्ज येतात. निवड झाली तर पैशाची सोय विद्यापीठ करतं. आपल्याकडे अशा वर्गांच्या मानधनावर घर चालत नाही, माझंही चालत नाही. तेव्हा राजीनामा द्यायचाच झाला तर प्रवेशाचं पत्र हातात आल्यावर द्या.