नव्या फ्लोअर मार्शलसाठी (आग लागली तर आपला मजला रिकामा करून घेणाऱ्यासाठी)

अलार्म वाजला की जॅकेट घाला, टॉर्च घ्या आणि मजल्याच्या जिन्यापासून सर्वांत लांबच्या टोकाला जा. तिथून जिन्याच्या दिशेने माणसं काढत या. उलटं केलंत, तर शेवटच्या केबिनमधला माणूस मागेच राहतो. टॉयलेट, पँट्री, मीटिंग रूम, सर्व्हर रूम आत डोकावून बघा. नुसती हाक पुरत नाही, कानात हेडफोन असतात. बंद दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू लावा. गरम लागलं तर उघडू नका. रिकाम्या खोलीचं दार ओढून घ्या, कुलूप नको.

जिन्याचं फायर डोअर, म्हणजे आग आणि धूर अडवणारं दार, खुर्ची लावून उघडं ठेवतात, ही सर्रास चूक. धूर थेट जिन्यात शिरतो आणि वरच्या मजल्यांची वाट बंद होते. ड्रिल (आगीचा सराव) नसतानाही अशी खुर्ची दिसली की लगेच काढा.

व्हीलचेअरवाले, गरोदर बायका, गुडघेदुखीवाले यांच्यासोबत कोण, हे आधीच नावानिशी ठरवा. लिफ्ट कुणालाच नाही.

खाली हजेरी घेताना व्हिजिटर रजिस्टर आणि हाउसकीपिंगची यादी हवीच. कुणी कमी भरलं तर परत वर जाऊ नका. नाव, मजला आणि शेवटचं कुठे दिसले, हे अग्निशमन अधिकाऱ्याला सांगा.