जुनी मर्सिडीज वॅगन (न्यू जर्सी) चॅरिटीला दिली तर टॅक्समध्ये पूर्ण किंमत वजा होते का?

नाही हो. ऑनलाइन 9 हजार डॉलर किंमत दिसली म्हणून 9 हजार वजा होत नाहीत, बऱ्याच चॅरिटी गाडी सरळ ऑक्शनला पाठवतात आणि तिथे जेवढ्याला जाईल तेवढंच तुमचं डिडक्शन, मग ते 1400 का असेना. पूर्ण बाजारभाव धरायचा तर संस्थेने गाडी स्वतः वापरायला हवी, किंवा मोठी दुरुस्ती करायला हवी, नाहीतर एखाद्या गरजूला फुकट/स्वस्तात द्यायला हवी, म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा. विक्री 500 च्या वर गेली की फॉर्म 1098-सी (गाडी दान केल्याची संस्थेची पावती) मागून घ्या, विकल्यापासून 30 दिवसांत त्यांनी द्यायचा असतो.

आणि हे सगळं आयटमाइझ करत असाल (म्हणजे एकेक खर्च दाखवून वजावट घेत असाल) तरच बरं का! 2025 ला नवरा-बायकोच्या जॉइंट रिटर्नला स्टँडर्ड डिडक्शनच (खर्च न दाखवता मिळणारी सरसकट वजावट) 31,500 होतं, घराचं लोन फिटलेलं असेल तर तेवढा आकडा बऱ्याचदा जमत नाही, मग गाडी देऊन टॅक्समध्ये काही फायदा होत नाही.

आम्ही दिली तेव्हा वॅगनचं मागचं एअर सस्पेंशन गेलेलं, रोज सकाळी बघावं तर डिकी जमिनीला टेकायला आलेली, टॅक्सचं म्हणाल तर शून्य फायदा, पण टोवाला फुकट घेऊन गेला. टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) सही करा, नंबर प्लेट्स काढून एमव्हीसीला (न्यू जर्सीचं गाड्यांचं सरकारी खातं) परत करा, इन्शुरन्स त्यानंतरच बंद करा. आणि डॅशबोर्डवरचा गणपती आधी काढा, आमचा टो ट्रकमागे पळत जाऊन आणावा लागला 😅