वर्षं मोज, डॉलर नंतर

चिरंजिवास मावशीचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता पाहिला. एकीकडे डेंटल स्कूलची फी, कर्ज, व्याज. दुसरीकडे अमेरिकन नेव्हीची स्कॉलरशिप: फी ते भरणार, पुस्तकं-उपकरणं त्यांची, दरमहा स्टायपेंड, वर करारावर सही केल्याचे २० हजार डॉलर. खाली लिहिलंस, ‘मग प्रश्नच कुठे उरतो?’ उरतो. तुझ्या तक्त्यात वर्षांचा रकानाच नाही.

वर्षं मोज. डॉलर नंतर.

४ वर्षांची स्कॉलरशिप म्हणजे ४ वर्षं सक्रिय सेवा, एवढं रिक्रूटरने तुला सांगितलंय. एकूण बांधिलकी मात्र ८ वर्षांची असते. उरलेल्या काळात नाव राखीव दलात राहतं आणि गरज पडली तर बोलावणं येऊ शकतं. आता पुढचं नीट वाच, फोनवर तू ते दोनदा उडवून लावलंस. स्पेशालिटीचं शिक्षण सैन्यात राहून घेतलंस, तर तो काळ स्कॉलरशिपच्या बदल्यातल्या सेवेत, म्हणजे तुझ्या फेडीत, धरला जात नाही. तुला ऑर्थो, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करायची स्पेशालिटी, करायचीय ना? जागा मोजक्या, आणि बहुतेकांना आधी काही वर्षं जनरल डेंटिस्ट म्हणून काढावी लागतात. मग शिक्षण, मग पुन्हा सेवा. पस्तिशी सहज ओलांडशील. त्याला तुझी तयारी असेल तर खुशाल सही कर, पण ती वर्षं कागदावर मांडून मग कर.

मी सैन्यात डेंटिस्ट होते तेव्हा मला एंडो, म्हणजे रूट कॅनालची स्पेशालिटी, करायची होती. संधी आली तेव्हा मुलगी लहान होती, पुन्हा बिऱ्हाड हलवायचं जिवावर आलं आणि मी नाही म्हटलं. अजूनही अवघड रूट कॅनाल दुसऱ्याकडे पाठवताना वाईट वाटतं. पण मी मागे पडले असं तुझे बाबा म्हणतात, ते मला अजिबात मान्य नाही. माझ्या खुर्चीत अठरा-एकोणीस वर्षांची पोरं यायची, कित्येकांनी त्याआधी डेंटिस्ट पाहिलेलाच नव्हता. एकाच्या चारही अक्कलदाढा किडलेल्या. भूल द्यायच्या आधी त्याने हळूच विचारलं, ‘मॅम, याचं बिल घरी जाईल का?’ नाही जाणार, म्हटल्यावर त्याचे खांदे सैल झाले. दात वाचवायचा की काढायचा, हे ठरवताना मला कधी कुणाचा इन्शुरन्स बघावा लागला नाही. महिन्याला इतक्या क्राउन झाल्याच पाहिजेत, असं सांगणारा मालक डोक्यावर नव्हता. माझा हात तिथे बसला. ती वर्षं वाया गेली असं कुणी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही.

कर्जाची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस हे उच्च शिक्षणाचं सरकारी कर्ज बंद, बाकी फेडरल (केंद्र सरकारचं) कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. खासगी डेंटल स्कूलची फी त्यात भागत नाही. म्हणूनच तुझी घाई मला खटकते. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर या सरकारी आरोग्य योजनेची स्कॉलरशिपही फी भरते, स्टायपेंड देते. बदल्यात डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात किमान २ वर्षं काम करायचं, तेही गणवेशाशिवाय. तुझ्या तक्त्यात ती का नाही?

शिवाय एक गोष्ट रिक्रूटरला बहुधा माहीतच नसेल. परदेशी सैन्यात असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या माणसाला भारत सरकार ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला व्हिसाशिवाय येऊ देणारं कार्ड, देत नाही. तुझ्याकडे आज कार्ड असलं तरी हा नियम स्वतः वाच. म्हणजे आजीला भेटायला साताऱ्याला जायचं तर व्हिसा, आणि नोकरीत असताना वरिष्ठांची परवानगीही. माझ्या भावाच्या लग्नाच्या वेळी रजा आणि व्हिसा एकदम जुळले नाहीत. अक्षता मी फोनवरच पाहिल्या. हे कुठल्या रकान्यात घालशील?

तू जाऊ नयेस असं माझं म्हणणं नाही, मी स्वतः गेलेच होते. पण डॉलर बघून जाणारा दुसऱ्याच वर्षी उरलेले महिने मोजायला लागतो, असे मी डोळ्यांनी पाहिलेत. वर्षं आधी मोज. रिक्रूटरने गाठ घालून दिलेला नको, सध्या फेड करत असलेला एखादा डेंटिस्ट स्वतः शोध आणि त्याच्याशी बोल. कराराचा मसुदा आला की सही न करता मला पाठव. सेवेच्या अटींचं पान मी आधी वाचेन, मग रविवारी फोनवर बोलू.

तुझी मावशी