ॲक्सिलरेटर सोडला की टर्बो पेट्रोल गाडी बंद पडते: पंपाआधी हवेचा रस्ता तपासा

भाऊ, तुमची तक्रार मला समजली ती अशी. टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअर, ७२,००० किमी झालेली गाडी. धुळ्याहून अमळनेरला येताना ऐंशीच्या वेगाने मस्त चालते. गाव जवळ आलं, गतिरोधक दिसला, ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबला की आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा ८०० वर न थांबता थेट खाली जातो आणि इंजिन बंद. सेल मारला की लगेच चालू. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. प्लग झाले, बॅटरी झाली, आता गॅरेजवाले गाडीतला पेट्रोल पंप बदलू म्हणतात.

पंपाला आत्ता हात लावू देऊ नका. पंप कमजोर असता तर गाडी आधी चढावर, ओव्हरटेक करताना अडखळली असती. तुमची गाडी बंद पडते ती पेट्रोल सगळ्यात कमी लागतं तेव्हा. हा हवेच्या हिशोबातला घोळ वाटतो.

त्या दोन सेकंदांत काय होतं ते बघा. तुम्ही पाय उचलता, थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी, झडप मिटते. इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या टर्बोचं चाक मात्र अजून जोरात फिरत असतं आणि हवा ढकलत असतं. ती अडकलेली हवा डायव्हर्टर व्हॉल्व्ह उघडून पुन्हा टर्बोच्या तोंडाशी नेऊन सोडतो. त्याच वेळी ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल बंद करतो आणि आरपीएम साधारण १२०० ते १५०० पर्यंत उतरले की पुन्हा सुरू करतो. इंजिन पडता पडता सावरायचं असतं ते इथेच. नेमकी किती हवा आत आली हे तेव्हा चुकलं तर मिश्रण बिघडतं आणि इंजिन सावरत नाही.

माझ्या आधीच्या गाडीला हेच झालं होतं. मे महिना, चाळीसगावहून कन्नड घाट चढताना शिट्टीसारखा आवाज आणि ओढ कमी, उतरताना दोन वळणांवर इंजिन बंद. एका गॅरेजमध्ये महागडा सेन्सर बदलला, फरक शून्य. शेवटी पारोळ्याकडच्या एका जुन्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून एवढंच म्हटलं, ‘भो, आधी हवा कोठे जास ते देख.’ टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या इंटरकूलरच्या रबरी पाइपला क्लॅम्पखाली, खालच्या अंगाला दोन बोटांची चीर होती. वरून पाइप धडधाकट दिसत होता, वाकवला तेव्हा चीर उघडली. खूण मात्र आधीपासून समोर होती: टर्बोच्या पाइपमध्ये तेलाची थोडी वाफ असतेच, ती चिरेतून झिरपते आणि आपल्याकडची काळी धूळ तिथे लेपासारखी बसते. बाकी पाइप कोरडा आणि एकाच जागी काळा चिकट डाग दिसला तर तिथेच वाकवून बघा. शेताजवळ गाडी लावत असाल तर उंदरांनी कुरतडलेल्या बारीक व्हॅक्यूम नळ्याही पाहा.

आता एक गोष्ट आधी ठरवा. एअर फिल्टरच्या डब्यानंतर पाइपवर वायर जोडलेला हवामापक सेन्सर, म्हणजे एमएएफ, आहे का? असेल तर माझ्यासारखी चीर तुम्हालाही नडेल, कारण मोजलेली हवा बूस्टमध्ये, म्हणजे टर्बो दाब देताना, बाहेर जाते आणि आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना, न मोजलेली आत येते. अशा गाडीत ‘भुस्स’ आवाजासाठी हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बसवला असेल तर आधी तो काढून कंपनीचा मूळ व्हॉल्व्ह लावा. मोजून झालेली हवा तो बाहेर फेकतो, ईसीयू मात्र तिच्या हिशोबाने पेट्रोल टाकतो आणि गाडी नेमकी थांबताना गुदमरते. आवाजाच्या हौसेपायी असं झालेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

एमएएफ नसेल, ईसीयू फक्त मॅनिफोल्डचा (थ्रॉटलनंतर सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळीचा) दाब वाचत असेल, तर पाइपच्या चिरेने ओढ कमी होईल, पण इंजिन सहसा बंद पडणार नाही. मग माझा पहिला संशय थ्रॉटल बॉडीच्या काजळीवर. झडपेच्या कडेला काळा थर बसला की आयडलपुरती हवा जात नाही, आणि त्यात ४४ अंशांत एसीचा कंप्रेसर ओढतोय. एसी बंद ठेवून दोन दिवस चालवा. बंद पडणं थांबलं किंवा खूप कमी झालं तर थ्रॉटल साफ करा. क्लीनर कापडावर घेऊन पुसा, झडप बोटाने जोर लावून उघडू नका, आणि नंतर स्कॅनरवरून ईसीयूला थ्रॉटलची नवी जागा पुन्हा शिकवून घ्या. हे शेवटचं काम राहिलं तर साफ करूनही आयडल नाचतो.

टाकी फुल्ल केल्यावर लगेच त्रास वाढतो का, तेही आठवा. वाढत असेल तर टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असू शकतो. उन्हाळ्यात वाफ जास्त, म्हणून तेव्हा जास्त जाणवतो. थंड इंजिन आयडलवर असताना त्याची टाकीकडची नळी काढून व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडाला बोट लावा. त्या वेळी ओढ लागायला नको.

इंजिन किती फिरतंय ते ईसीयूला सांगणाऱ्या क्रँक सेन्सरचं चित्र वेगळं असतं. गाडी गिअरमध्ये पळत असतानाच काटा झटक्यात शून्यावर जातो आणि बहुतेकदा गार होईपर्यंत चालू होत नाही. तुमची लगेच चालू होते, म्हणून तो मी मागे ठेवतो.

साधा ब्लूटूथ स्कॅनर मिळाला तर गरम इंजिनावर, आयडलला, शॉर्ट आणि लाँग फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते, बघा. दोन्हींची बेरीज पाच टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. अधिक दहाच्या वर म्हणजे बहुधा कुठून तरी चोरून हवा येतेय, उणे दहाच्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. चीर सापडत नसेल तर स्मोक टेस्ट (पाइपमध्ये धूर सोडून गळती शोधणं) करून घ्या. ती सोय नसेल तर इंजिन बंद ठेवून पाइपमध्ये पाच-सात पीएसआय हवा भरा आणि साबणाचं पाणी मारा. पंक्चरवाल्याचा कंप्रेसर थेट जोडू नका, टर्बोचे सील जातील.

तोवर घाटात गाडी नेऊ नका. इंजिन बंद पडलं की ब्रेक हलका करणारा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो आणि स्टिअरिंग जड होतं. चालत्या गाडीत असं झालं तर ब्रेक पुन्हा पुन्हा पंप न करता एकदाच घट्ट दाबून धरा, चावी काढू नका आणि गाडी कडेला घ्या.

एमएएफ आहे की नाही आणि ट्रिमचे आकडे कळवा, मग पुढचं सांगतो.