छोट्या नेत्र दवाखान्यासाठी ईएमआर सॉफ्टवेअर घेताना काय बघावं?

प्रश्न असा आहे: कोल्हापुरात दोन खोल्यांचा डोळ्यांचा दवाखाना, रोजचे चाळीसेक पेशंट, आजवर सगळं केसपेपरवर. ईएमआर, म्हणजे पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर ठेवणारं सॉफ्टवेअर, घ्यावं का, आणि घेताना काय बघावं?

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढते. शाहूपुरीतल्या एका दवाखान्यात अकरा वर्षं काम करते आणि या काळात दोन सॉफ्टवेअर वापरून झाली. घ्याच. फक्त जनरल प्रॅक्टिससाठी बनवलेलं घेऊ नका, कितीही स्वस्तात मिळालं तरी.

आमचं पहिलं तसलंच होतं. ताप, बीपी, वजन यांना वेगवेगळे रकाने आणि डोळ्यांसाठी एकच चौकोन, ‘तपासणी’. उजवा, डावा, लांबचं, जवळचं, चष्म्यासह, चष्म्याविना, सगळं त्यातच कोंबायचं. चष्म्याचा नंबर मी हातानं टाइप करायचे. एका सोमवारी, बाहेर बाकावर जागा नाही अशा गर्दीत, ॲक्सिस, म्हणजे सिलिंडरचा कोन, १८० ऐवजी १८ पडला. सिलिंडर (तिरका नंबर) दीडचा. चार दिवसांनी कागलचे काका चष्मा हातात धरूनच आले. “जमीन तिरकी दिसालीया ओ, पायरीचा अंदाजच येईना.” चूक माझीच. पण कागदावर घाईत लिहिलेला आकडा घाईतलाच दिसतो, बघणारा एकदा विचारतो तरी. स्क्रीनवरचा १८ इतका नीटनेटका असतो की चष्मेवाल्यालाही शंका आली नाही.

म्हणून डेमो त्यांच्या लॅपटॉपवर बघू नका. माणसाला दवाखान्यात बोलवा आणि तुमच्याच ऑटोरेफला (नंबर मोजणाऱ्या मशीनला) जोडून दाखवायला सांगा. बहुतेक मशीनला पोर्ट असतो, केबलचे आणि जोडणीचे पैसे मात्र वेगळे निघू शकतात, ते आधीच विचारा. आकडे थेट आत आले की टायपिंग वाचतं, शिवाय मशीनमधून निघणारी थर्मल कागदाची चिठ्ठी केसपेपरला चिकटवायची गरज उरत नाही. तशीही ती काही महिन्यांत पुसट व्हायला लागते. उजवा-डावा कसा दाखवतात तेही बघा. काही परदेशी सॉफ्टवेअरमध्ये उजव्या-डाव्याला ओडी-ओएस (लॅटिन) असतं आणि आपल्याकडच्या हातांना आरई-एलईची (राइट आय-लेफ्ट आय) सवय असते.

माझ्या मते खरी परीक्षा काचबिंदूच्या पेशंटची. पाच वर्षं येणारा पेशंट घ्या आणि विचारा, दोन्ही डोळ्यांचं प्रेशर, कप-डिस्क रेशो (डोळ्याच्या नसेतला खड्डा किती मोठा, त्याचं माप), कुठला ड्रॉप कधी सुरू झाला, कधी बदलला, हे एका पानावर दिसतं का? प्रेशर एनसीटीनं (हवेच्या झोतानं) घेतलं की ॲप्लनेशननं (डोळ्याला टेकवून), आणि किती वाजता, यालाही रकाना हवा. नाहीतर सकाळचे २२ आणि संध्याकाळचे १७ शेजारी ठेवून औषध लागू पडलं असं वाटायचं. दुसरी परीक्षा चित्राची. उसाचं पान लागून डोळा लाल झालेले पेशंट तुमच्याकडेही येत असतील. त्यात बुरशीचा अल्सर झाला तर तो कुठे आहे, किती मिलिमीटर आहे, हे दर खेपेला काढून ठेवावं लागतं. माऊसनं ते होत नाही. पेन चालणारा टॅब हवा, नाहीतर कागदावर काढून फोटो जोडायची सोय तरी.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लेन्सच्या डब्यातलं स्टिकर, पॉवर आणि सीरियल नंबरसकट, रेकॉर्डला लागलंच पाहिजे. ही सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते.

आता पैसे द्यायच्या आधीचा प्रश्न: सोडून जायचं झालं तर माझी माहिती कशी परत देणार? आम्ही पहिलं सोडलं तेव्हा प्रत्येक पेशंटची एकेक पीडीएफ हातात आली. हजारो फायली, आणि एकातही प्रेशर शोधता येत नाही. एक्सेल किंवा सीएसव्ही मिळेल, फोटो आणि ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचे स्कॅन) डायकॉममध्ये, म्हणजे वैद्यकीय चित्रांच्या ठरलेल्या फाइल प्रकारात, मिळतील, हे करारात लिहून घ्या. आभा नंबर (सरकारी आरोग्य खात्याचा नंबर) जोडता येतो का तेही विचारा. तो १४ अंकी असतो आणि पुढे लागू शकतो.

क्लाउड की दवाखान्यातला सर्व्हर? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आत आलं तेव्हा आमचे खालच्या कप्प्यातले केसपेपर लगदा होऊन गेले. सर्व्हर तळमजल्यावर असता तर त्याचंही तेच झालं असतं. पण त्याच आठवड्यात वीज आणि नेटही नव्हतं, म्हणजे नुसता क्लाउडही कामाचा नव्हता. नेट नसताना चालणारं आणि नंतर आपोआप वर चढवणारं बघा.

हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेनं स्वतःचं ईएमआर स्वतःच बनवलंय आणि ओपनआयज नावाचं एक मुक्त सॉफ्टवेअरही आहे, पण ते सांभाळायला माणूस लागतो. दोन खोल्यांच्या दवाखान्यानं त्या वाटेला जाऊ नये.

जुने केसपेपर सगळे भरत बसू नका, आम्ही बसलो आणि दोन महिन्यांत कंटाळून सोडलं. काचबिंदू, मधुमेह आणि ऑपरेशन झालेले तेवढे आधी घ्या. बाकीचा जो पेशंट दारात येईल, त्याचा त्या दिवशी. उरलेले गठ्ठे माळ्यावर, प्लास्टिकमध्ये बांधून.