'अमक्याची विधवा मेरी': वसाहतकाळातल्या अमेरिकन बाईचं माहेर कसं शोधायचं?

तुम्ही विचारलंय की १७१०च्या सुमाराची, मॅसॅच्युसेट्समधली 'अमक्याची विधवा मेरी' एवढीच नोंद हाती आहे, तर तिचं माहेर कसं शोधायचं.

मेरीला शोधू नका. तिच्या भोवतालचे पुरुष आणि त्यांच्या जमिनी शोधा. तेव्हाच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालेल्या बाईला वेगळं कायदेशीर अस्तित्व जवळजवळ नव्हतंच. नवरा हयात असताना तिच्या नावचे कागद फारसे होत नसत.

सुरुवात नवऱ्याच्या मृत्यूपासून करा. काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) प्रोबेट कोर्टातली, म्हणजे वारलेल्यांच्या मालमत्तेचा निकाल लावणाऱ्या कोर्टातली, त्याची अख्खी फाइल बघा, नुसतं मृत्युपत्र नको. विधवेला जमिनीचा तिसरा हिस्सा तहहयात वापरायला मिळे, त्याच्या वाटणीचा कागद असतो. त्याच्या मालमत्तेच्या कारभारासाठी दिलेल्या हमीपत्रावर जामीन कोण राहिलं ते टिपून ठेवा. पुष्कळदा तो तिचा भाऊ किंवा बाप निघतो. चौदा वर्षांपुढच्या मुलांना आपला पालक स्वतः निवडता येई, तिथे मामा सापडू शकतो.

मग उलट बाजूने या. आसपासच्या गावांत त्या सुमारास वारलेल्या, मेरी नावाची मुलगी असलेल्या बापांच्या फायली काढा. वाटा पोचल्याच्या पावतीवर मुलीऐवजी जावयाची सही असते. सगळ्या भावंडांनी मिळून बापाची जमीन विकल्याचं खरेदीखत मिळालं तर निम्मं काम झालं. यातलं बरंचसं फॅमिलीसर्च या वंशावळीच्या नोंदींच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतं, फक्त काउंटी त्या काळची धरा. वूस्टर काउंटी १७३१ साली झाली; त्याआधीचे कागद जुन्या काउंट्यांत आहेत.

आडनाव किती चकवतं बघा. सेलमच्या चेटकिणींच्या खटल्यांत १६९२ साली फाशी गेलेल्या रिबेका नर्स आणि मेरी ईस्टी, आणि सुटलेली सेरा क्लॉयस, या तिघी सख्ख्या बहिणी, टाउन घराण्यातल्या. सेराचं आडनाव तर लग्नामुळे दोनदा बदललं, आधी ब्रिजेस, मग क्लॉयस. म्हणून लग्नाच्या नोंदीत दिसलेलं आडनाव माहेरचंच असेल असं धरू नका, ते पहिल्या नवऱ्याचंही असू शकतं. बहुतेक ऑनलाइन वंशवृक्ष इथेच घसरतात. आपल्याकडच्यासारखं लग्नात पाळण्यातलं नाव बदलत नसे, ही त्यातल्या त्यात सोय.

शब्दही फसवतात. 'मिसेस' हा मानाचा शब्द होता, अविवाहितेलाही लावत. 'मदर-इन-लॉ' म्हणजे सावत्र आई असू शकते, 'कझिन' म्हणजे भाचा किंवा पुतण्या. मृत्युपत्रातल्या 'माझी आत्ताची पत्नी' यावरून आधी वेगळी बायको होती असं सिद्ध होत नाही. मुलांच्या जन्मांत चार-पाच वर्षांचा खंड दिसला तर मात्र सगळ्यांची आई एकच का, हे तपासा.

तारखांकडे नीट बघा. १७५२पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होई. लग्न एप्रिल १७०९ आणि मूल फेब्रुवारी १७०९ असं दिसलं तर घाबरू नका, ते मूल आपल्या हिशेबाने १७१०चं.

तुमची मेरी न्यूयॉर्ककडच्या डच कुटुंबातली असती तर एवढी यातायात नव्हती. डच चर्चच्या बाप्तिस्मा नोंदीत आईचं माहेरचं नाव बहुधा असतंच, आणि साक्षीदार सहसा नात्यातलेच.