स्ट्रट कातत नव्हते

प्रश्न असा आला आहे. एका इंग्रजी लेखाचं मराठी करताना जेडेडाया स्ट्रट या अठराव्या शतकातल्या इंग्रज गृहस्थाच्या नावापुढे ‘कॉटन स्पिनर’ असा धंदा लिहिलेला सापडला. विचारणाऱ्याने आधी ‘सूत कातणारा’ लिहिलं, ते खटकलं, मग ‘कातकरी’ सुचलं. शेवटी वाक्य झालं, ‘स्ट्रट हे डर्बीशरमधलं पिढीजात कातकऱ्यांचं घराणं होतं.’ हे चालेल का?

नाही चालणार, आणि ‘कातकरी’ तर मुळीच नको. त्यातला कात विड्यातला आहे, कातण्यातला नाही. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. ‘कातारी’कडेही वळू नका, तो लाकूड फिरवत ठेवून त्याला गोल आकार देणारा कारागीर. उरली ‘कातीण’. ती मात्र खरोखर धागा काढते, पण ती कोळी, म्हणजे जाळं विणणारा किडा. संस्कृतात ‘कर्तन’ या एकाच शब्दाला कापणं आणि सूत कातणं असे दोन अर्थ आहेत. तिथूनच मराठीत एकीकडे कातरणं आणि दुसरीकडे कातणं आलं, त्यामुळे ‘कात’ने सुरू होणारा शब्द दिसला की तो कुठल्या घरचा हे आधी विचारावं.

मराठीत कातणाऱ्याला सुटसुटीत नाव का नाही? कापूस पिंजणारा पिंजारी, विणणारे साळी आणि कोष्टी, रंगवणारा रंगारी, शिवणारा शिंपी. मधली कातणाराची जागा रिकामी. कारण ते काम कुठल्या एका जातीचं नव्हतंच. घरोघरच्या बायका इतर कामं उरकून चरख्यावर बसायच्या, आणि जे काम सगळ्याच बायका करतात त्याला धंद्याचं नाव द्यायची गरज कुणाला वाटत नाही. इंग्रजीत निदान ‘स्पिन्स्टर’ होता, म्हणजे कातणारी बाई, पण तोही पुढे कातणं सोडून ‘अविवाहित स्त्री’ या अर्थाला जाऊन चिकटला.

आता मूळ मुद्दा. जेडेडाया स्ट्रटने पोटासाठी कधी सूत कातलं नाही. १७२६ साली शेतकऱ्याच्या घरात जन्म, चौदाव्या वर्षी गाड्यांची चाकं बनवणाऱ्याकडे उमेदवारी. (हा ‘उमेदवारी’ शब्दही ॲप्रेंटिसशिपसाठी जरूर वापरा, निवडणुकीला सगळाच देऊन टाकू नका.) थोडक्यात, माणूस सुतार. ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’वरून आलेला, दोरी धरून आखणी करणारा, तेव्हा नाही म्हणायला सुताशी एवढा संबंध होता! पुढे बायकोच्या भावाच्या, मोज्यांचा व्यापार करणाऱ्या विल्यम वुलाटच्या सांगण्यावरून तो मोजे विणायच्या यंत्राकडे वळला. त्या यंत्राला त्याने असा एक जोड बसवला की उभ्या रेघांची, ताणली जाणारी वीण निघू लागली. १७५८ आणि १७५९ साली त्याचे पेटंट झाले, आणि ‘डर्बी रिब’ मोज्यांनी त्याला पैसा दिला.

मोजे विणायला सूत लागतं, आणि हातचं सूत कधी जाड, कधी बारीक, शिवाय पुरेसं मिळेल याची खात्री नाही. अशा वेळी रिचर्ड आर्कराइट हा पूर्वाश्रमीचा न्हावी आपलं कताईयंत्र घेऊन नॉटिंगहॅमला आला. १७६९ साली त्याला पेटंट मिळालं. स्ट्रट आणि नॉटिंगहॅमचा मोज्यांचा व्यापारी सॅम्युअल नीड यांनी भांडवल घातलं, आणि १७७१ साली डर्बीशरमधल्या क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी गिरणी उभी राहू लागली. या भागीदारीची एक गोष्ट सांगतात. यंत्राच्या रुळांना कापूस चिकटत होता आणि आर्कराइट हैराण झाला होता. स्ट्रटने खडू घेतला, रुळांवर घासला आणि चिकटणं थांबलं. गोष्ट खरी असो वा नसो, माणसाचा स्वभाव तिच्यात बरोबर उतरलाय.

ते यंत्र काय करत होतं हे पाहिलं की शब्दाचा गुंता सुटतो. चरख्यावर कातताना बाई दोन कामं एकाच वेळी करते. डाव्या हाताच्या चिमटीत धरलेला पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, मागे ओढत बारीक करते, आणि उजव्या हाताने चाक फिरवून चातीवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या सळईवर, त्याला पीळ देते. किती ओढायचं ते तिच्या बोटांना कळतं. आर्कराइटच्या यंत्रात हे ओढणं रुळांच्या जोड्यांकडे गेलं. पुढची जोडी मागचीपेक्षा वेगाने फिरते, म्हणून मधला पेळू आपोआप लांबतो, आणि खाली चाती पीळ भरते. सूत इतकं मजबूत निघालं की ते ताण्याला, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांना, चालू लागलं. तोवर तिकडच्या कापडात बहुधा ताणा जवसाच्या धाग्याचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, कापसाचा असे. निव्वळ कापसाच्या छापील कापडावर इंग्लंडमध्ये जी कायद्याची बंदी होती, ती १७७४ साली उठली आणि या सुताला बाजार मोकळा झाला.

माणसांकडे काय उरलं? तुटलेला धागा सांधायचा, भरलेली बाबीण काढून रिकामी लावायची, खाली साचलेला कापूस झाडायचा. ही कामं बहुतेक बायका आणि मुलं करत. म्हणजे स्ट्रटच्या गिरणीत मालकही कातत नव्हता आणि कामगारही कातत नव्हते. कातत होती ती पाण्यावरची यंत्रं. इंग्रजी ‘स्पिनर’ला याची अडचण झाली नाही, तो यंत्र ज्याच्या मालकीचं त्याच्या नावाला जाऊन बसला. मराठी ‘कातणे’ मात्र बोटं सोडायला तयार नाही. ‘सूत कातणारा’ म्हटलं की डोळ्यांसमोर चरखा येतो, फार तर खादीची टोपी येते. शेकडो माणसं कामाला असलेला कारखानदार काही केल्या येत नाही.

बरं, ‘स्पिनर’ मालकापुरताच राहिला असंही नाही. लँकेशर या इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांच्या मुलखात, क्रॉम्प्टनने काढलेल्या ‘म्यूल’ या कताईयंत्रावर काम करणारा, हाताखाली धागे सांधणारी पोरं ठेवणारा कसबी कामगार, तोही स्पिनरच. एका शब्दावर मालक आणि कामगार दोघांचा हक्क, म्हणून मग विशेषणं लागली. कामगारांच्या संघटनेच्या नावात ‘ऑपरेटिव्ह कॉटन स्पिनर्स’ आलं, मालकांच्या संघटनेच्या नावात ‘मास्टर कॉटन स्पिनर्स’.

इथे भाषांतरकारासाठी खड्डा आहे, आणि चांगल्या चांगल्यांना त्यात पडताना पाहिलंय. मुंबईच्या गिरण्यांत ‘स्पिनिंग मास्टर’ किंवा नुसता ‘मास्तर’ म्हणजे कताईखात्याचा पगारी प्रमुख. लँकेशरचा ‘मास्टर स्पिनर’ म्हणजे खुद्द मालक. शब्द तेच, फक्त पुढचे मागे झाले, आणि माणूस खुर्चीच्या या बाजूचा त्या बाजूला गेला.

गिरण्यांतल्या मराठीने असले इंग्रजी शब्द किती बेधडक पचवले याचं माझं आवडतं उदाहरण ‘त्रासन’. आर्कराइटच्या यंत्राच्या सुधारलेल्या अवताराला इंग्रजीत ‘थ्रॉसल’ म्हणत. थ्रॉसल हा एक गाणारा पक्षी, यंत्राची गुणगुण त्याच्यासारखी वाटे म्हणून ते नाव. मुंबईत त्याचं ‘त्रासन खातं’ झालं. पक्षी उडून गेला आणि त्रास राहिला. ज्यांनी त्या खात्यात पाळ्या भरल्या त्यांना हा अपभ्रंश नसून दुरुस्ती वाटली असेल.

तर स्ट्रटला म्हणायचं काय? माझं मत ‘सूतगिरणीवाला’ किंवा ‘सूतगिरणीमालक’. ‘वाला’त मालकी येते, धंदा येतो, आणि तो घराण्याच्या नावाला सहज चिकटतो. नुसतं ‘गिरणीवाला’ नको, त्याने पिठाची गिरणी आठवते. गंमत म्हणजे इंग्रजीतही ‘मिल’ आधी दळणाचीच होती. धान्य दळणारं पाणचाक सूत काढायला जुंपलं गेलं आणि नावही त्याच्यासोबत गेलं. आपली ‘गिरणी’ही पीठ आणि सूत दोन्ही सांभाळते, हा योग आयता जुळून आलाय. ‘सूतगिरणी’ म्हटल्यावर हल्ली सहकारी संस्था आणि तिचे चेअरमन डोक्यात येतात हे खरं, पण वाक्यात १७७१ आलं की तो संशय फिटतो.

वाक्यातला दुसरा शब्द, ‘पिढीजात’, तोही काढा. पिढीजात म्हणजे वाडवडिलांपासून चालत आलेलं, आणि इथे वाडवडील शेतकरी होते. आर्कराइटशी भागीदारी १७८१ साली सुटली, डर्बीशरमधल्याच बेल्पर आणि मिलफर्ड गावांतल्या गिरण्या स्ट्रटकडे राहिल्या. १७९७ साली तो वारल्यावर विल्यम, जॉर्ज आणि जोसेफ या तीन मुलांनी ‘डब्ल्यू. जी. अँड जे. स्ट्रट’ या नावाने कारभार चालवला. बेल्परची नॉर्थ मिल १८०३ साली जळाली, तेव्हा विल्यमने ती लोखंडी खांब-तुळया आणि विटांच्या कमानी घालून १८०४ साली पुन्हा बांधली, आगीला जुमानू नये अशी. विल्यमचा मुलगा एडवर्ड १८५६ साली लॉर्ड बेल्पर झाला. त्याच मिलफर्डला उमेदवारी केलेला सॅम्युअल स्लेटर १७८९ साली यंत्राची सगळी रचना डोक्यात साठवून अमेरिकेला निसटला, कारण कसबी कामगारांना देश सोडायला बंदी होती. पण तो वेगळा विषय.

‘घराणं’ मात्र ठेवा. जेडेडायाने स्वतःच्या थडग्यासाठी मजकूर लिहून ठेवला होता. त्यात ‘फॅमिली’ हा शब्द दोनदा येतो. पैसा, फॅमिली आणि मित्र यांतलं काही जवळ नसताना ज्याने स्वतःसाठी पैसा, फॅमिली आणि जगात नाव मिळवलं तो इथे विसावला आहे, असा त्याचा आशय. दोन्हीकडे ‘कुटुंब’ घातलं तर पहिल्या ठिकाणी तो अनाथ वाटेल, आणि अनाथ तो नव्हता. ‘घराणं’ घातलं की दोन्ही बसतात, आधी नसलेलं आणि मग उभं केलेलं. म्हणून तुमचं वाक्य मी असं करेन: ‘डर्बीशरमधलं स्ट्रट हे सूतगिरणीवाल्यांचं घराणं जेडेडायापासून सुरू झालं.’